पावसाळ्यात कॉलेजला येणं अवघड असलेले दिव्यांग विद्यार्थी: नियमित प्रवेश ठेवून ऑनलाइन सोय करायची, की दूरशिक्षणात घालायचं?

चिरेबंदी (प्रश्न)

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं अनुदानित महाविद्यालय, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. समान संधी कक्षाचं काम पाहतो. यंदा तीन विद्यार्थी आहेत आणि तिघांची गरज वेगळी.

एक, एफवायबीकॉमची पूर्ण अंध विद्यार्थिनी. घर वाडीत, एसटीच्या थांब्यावरून आधी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), मग साकव (ओढ्यावरचा छोटा पूल). जुलै-ऑगस्टमध्ये व्हाळाला पाणी आलं की साकव बंद. दोन, त्याच वर्गातला मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू क्षीण होणारा आजार) असलेला विद्यार्थी, चाकाची खुर्ची वापरतो. वाणिज्य शाखेचे वर्ग पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीन, एसवायबीएची कर्णबधिर विद्यार्थिनी. भारतीय सांकेतिक भाषा चांगली, पण छापील मराठी वाचायला तिला वेळ लागतो.

स्टाफरूममधला सूर असा, की "तिघांनाही दूरशिक्षणात घाला, घरबसल्या डिग्री मिळेल." मला हे पटत नाही, पण नुसतं न पटून भागत नाही. म्हणून नेमकं विचारतो:

नियमित प्रवेश कायम ठेवून काही महिने ऑनलाइन शिकवता येतं का, आणि हजेरीचं काय? दूरशिक्षण खरंच घ्यायचं झालं तर आधी काय तपासायचं? आमच्याकडे कॉलेजात फायबर लाइन, एक जुना लॅपटॉप आणि प्राध्यापकांचे मोबाइल एवढंच आहे. यात काय चालेल, काय नाही? आणि लाईट गेली की काय करायचं?

---

कलम_बत्तीस

सर, "ऑनलाइन" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. त्या आधी सुट्या करू.

पहिली: प्रवेश नियमितच, पण अडचणीच्या काळात व्याख्यानं घरून. ही सवलत नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये जिला 'वाजवी सोय' म्हटलंय, तीच ही. कलम १६ नुसार शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने ती द्यायची आहे. कलम १७ मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत बदल करण्याचाही उल्लेख आहे.

दुसरी: प्रवेश नियमित, आणि काही विषय 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषयांची क्रेडिट्स स्वयम्‌वरून घेता येतात. मात्र कोणते विषय चालतील हे विद्यापीठाने मान्य केलेलं असावं लागतं आणि स्वयम्‌ची शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. कोर्सला नाव घालण्याआधी जवळचं केंद्र कुठे पडतं ते बघा. नाहीतर वर्षभर घरून शिकून शेवटी परीक्षेला घाट चढायचा.

तिसरी: दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी. हा वेगळा प्रवेश, वेगळी नोंदणी. तुमची स्टाफरूम याबद्दल बोलतेय आणि पहिल्या गोष्टीचा विचारच होत नाहीये.

तुमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला तर ऑनलाइनची गरज आहे की नाही हेच आधी तपासा. एफवायबीकॉमचा वर्ग तळमजल्यावर आणायला वेळापत्रकात एक ओळ बदलावी लागते, रुपया लागत नाही. त्याच्या खोलीचा उंबरा किती आहे ते मोजा. उतार करायचा तर उंचीच्या बारा पट लांबी लागते: १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर. त्याहून तीव्र केला तर ओल्या जांभ्यावर खुर्ची मागे ओढते. खोली बदलून आणि उतार बसवूनही प्रवासाचा थकवा उरला, तर आठवड्यातले दोन दिवस घरून. हा क्रम उलटा करू नका.

हजेरी: ७५ टक्क्यांची अट सगळ्यांनाच आहे. ऑनलाइन हजेरी धरायची तर ते सप्टेंबरमध्ये आठवून चालत नाही. विद्यार्थ्याचा अर्ज, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) प्रत, कोणत्या महिन्यात कोणते तास घरून होतील त्याचा तक्ता आणि त्यावर प्राचार्यांचा लेखी आदेश, एवढं जूनमध्येच फाईलला लावा आणि त्याची प्रत विद्यापीठाकडे पाठवून पोच घ्या. हजेरीपत्रकात 'ऑनलाइन हजर' असा वेगळा शेरा ठेवा. कोऱ्या जागेत नंतर सह्या भरल्या की तेच अंगाशी येतं.

आता दूरशिक्षण खरंच घ्यायचं झालं तर. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव असणं पुरेसं नाही. *तोच अभ्यासक्रम*, *तेच शैक्षणिक सत्र* आणि *तीच पद्धत* (मुक्त-दूरस्थ की ऑनलाइन) अशा तिन्ही खुणा जुळल्या पाहिजेत. विद्यापीठाला बीएला मान्यता असते आणि तेवढ्यावर एजंट भलत्याच कोर्सचे पैसे घेतो. २०२४ पासून विद्यार्थ्याला स्वतः डीईबी-आयडी (याच विभागाचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी (क्रेडिट्स जमा राहतात त्या खात्याचा क्रमांक) लागतो, तो डिजिलॉकरवरून निघतो. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असेल तर इथेच अडतं. आधी नाव दुरुस्त करा, मग अर्ज. आणि मानसशास्त्र, आहारशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम २०२५-२६ पासून या पद्धतीने बंद झालेत. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, विधी हे आधीपासूनच नाहीत.

मराठीतून शिकायचं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पुस्तकं मराठीत असतात. बऱ्याच ऑनलाइन पदव्या इंग्रजीतच चालतात, हे पालकांना आधीच सांगा. मान्य संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय, तेव्हा नोकरीची भीती घालण्यात अर्थ नाही. पण कॉलेजच्या वाचनालयावरचा आणि कक्षावरचा हक्क जातो. शिष्यवृत्तीच्या अटीही प्रवेशाच्या पद्धतीवर फिरतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या-त्या योजनेची अट वाचा. नियमित प्रवेश रद्द करणं सोपं असतं, तो परत मिळवणं नाही.

---

शिफ्ट_इन्सर्ट

अंध विद्यार्थिनीपुरतं लिहितो. लॅपटॉप जुना असला तरी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम) चालेल; फुकट आहे. त्यातल्या एस्पीकमध्ये मराठी आवाज आहे. तो यांत्रिक वाटतो, पण वेग वाढवला तरी शब्द फुटत नाहीत. मोबाइलवर तेच काम करणारा टॉकबॅक (आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून ठेवा) आणि गूगलचा मराठी आवाज. तो कानाला गोड आहे, लांब वाचनाला बरा.

सर्वात मोठा घोळ कुठे होतो ते सांगतो. प्राध्यापक झूमवर स्क्रीन शेअर करून स्लाइड दाखवतात आणि समजतात की "ती वाचून घेईल". शेअर केलेली स्क्रीन म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने चित्रफीत. त्यातलं एक अक्षरही तो वाचत नाही. स्लाइड तासाच्या आदल्या दिवशी फाईल म्हणून तिच्याकडे गेली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो हा त्याच जातीचा प्रकार.

फाईल कसली, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे नोट्स अजून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये पडलेल्या असतात. पडद्यावर ते मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. कसोटी सोपी आहे: फाईलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर जुना फाँट. मग परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा, घाण तिथेच राहते.

युनिकोड असूनही पीडीएफमध्ये देवनागरीची जोडाक्षरं आतून मोडतात. 'उत्पन्न' वाचताना मध्येच अडखळतं, वेलांटी शेजारच्या अक्षराला लागते. म्हणून पीडीएफ नको, मूळ वर्डची फाईल द्या. शीर्षकं ठळक करून मोठी करू नका, 'हेडिंग'ची स्टाइल लावा. म्हणजे तिला एनव्हीडीए बटण (बहुधा इन्सर्ट) आणि स्पेस दाबून ब्राउज मोडमध्ये जाता येतं आणि एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. नुसतं ठळक केलेलं शीर्षक तिला शीर्षक म्हणून सापडतच नाही. ताळेबंदाच्या तक्त्यात खाने एकत्र करू नका. एकत्र केलेल्या खान्यावर स्क्रीन रीडर कोणत्या स्तंभात आहे ते सांगू शकत नाही आणि जमा-नावे उलटसुलट होतं.

छापील पुस्तक असेल तर स्कॅन ३०० डीपीआयला, पान सरळ. गूगल ड्राइव्हवर टाकून संगणकाच्या ब्राउझरमधून 'गूगल डॉक्सने उघडा' केलं की मराठी मजकूर निघतो. फाईल २ एमबीच्या आत ठेवा. मोठं पुस्तक प्रकरणवार तोडा. ओलीने पिवळी पडलेली पानं करड्या छटेत स्कॅन करा, काळ्या-पांढऱ्यात अनुस्वार उडतात. असं सुगम रूपांतर दिव्यांग वाचकासाठी करायला कॉपीराइट कायदा २०१२ च्या दुरुस्तीपासून परवानगी देतो, तेव्हा प्रकाशकाची भीती नको. फक्त ती फाईल सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. 'सुगम्य पुस्तकालय' या दिव्यांग वाचकांच्या ऑनलाइन वाचनालयात तिचं सदस्यत्वही काढून ठेवा, बरीच पुस्तकं तयार मिळतात.

तासाला दोन उपकरणं असली तर बरं. मोबाइलवर सरांचा आवाज, एका कानात. लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि नोट्स, दुसऱ्या कानात. एकाच यंत्रावर दोन्ही आले की सर बोलत असताना चॅटमधला प्रत्येक "गुड मॉर्निंग सर" एनव्हीडीए मोठ्याने वाचत बसतो. झूमच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली चॅटची सूचना बंद करता येते, ती पहिल्याच दिवशी करा. म्यूट काढायला झूमवर ऑल्ट+ए, मीटवर कंट्रोल+डी.

आणि शिकवणाऱ्याचं बोलणं. "हा आकडा इकडून घेतला की इथे हा येतो" या वाक्यात तिच्यासाठी काहीच नाही. "विक्री खात्याची १२,५०० रुपयांची शिल्लक व्यापार खात्याच्या जमा बाजूला नेली" म्हटलं की तिचं काम झालं. डोळस पोरांचंही. याला ना नेट लागतं, ना लॅपटॉप.

गणिताच्या समीकरणांचं मात्र जपून. समीकरण चित्र म्हणून चिकटवलं तर ते वाचलं जात नाही. वर्डच्या समीकरण-साधनात लिहा आणि एनव्हीडीएला मॅथकॅट हे जोडउपकरण घाला. वाचन इंग्रजीत होईल, पण होईल.

---

पाखाडी

वरचं सगळं बरोबर. एक खटकतं ते लिहितो. घरून शिकण्याची सोय झाली की संस्था उताराची, तळमजल्याची, सुगम स्वच्छतागृहाची फाईल बंद करते. "त्याचं ऑनलाइन चालू आहे ना!" म्हणून घरून करण्याच्या आदेशात तारीख घाला: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. गौरी-गणपतीनंतर मुलगा परत वर्गात. कायमचं ऑनलाइन हे विद्यार्थ्याने मागितलं तर, संस्थेने सुचवलं म्हणून नव्हे.

मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या विद्यार्थ्यासाठी घरचा भाग थोडा. हात उचलायला त्रास असेल तर लॅपटॉप उंचावू नका, उलट हात टेकतील अशा पाटावर ठेवा आणि मान खाली जाऊ नये म्हणून पडदा वेगळा वर. शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज सुरू होतात, म्हणजे दोन बटणं एकदम दाबावी लागत नाहीत. विंडोज+कंट्रोल+ओ ने पडद्यावर कळफलक येतो. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून कंट्रोल+शिफ्ट+एस केलं की मराठी श्रुतलेखन. विरामचिन्हं मराठीत बोलून येत नाहीत, ती नंतर घालायची. कौलांवर पाऊस कोसळत असताना श्रुतलेखन शब्द गिळतं, तेव्हा तोंडाजवळचा माइक हवाच. सलग तीन तास नकोत. ४५ मिनिटं आणि मग १०-१५ मिनिटं पाठ टेकून. स्नायूंचा थकवा विश्रांतीने जातो, जिद्दीने नाही.

---

चिरेबंदी

खोलीची अदलाबदल सोमवारीच मांडतो. उंबरा मोजला: ११ सेंटिमीटर, म्हणजे १३२ चा उतार. कर्णबधिर विद्यार्थिनीबद्दल कोणी लिहील का? दुभाषी जिल्ह्यात मिळणं मुश्कील आहे. इथे सगळे म्हणतात, "मोबाइलवर आपोआप अक्षरं येतात की."

---

हातवारे

तिच्या बाबतीत ऑनलाइनचा खरा फायदा हाच, की दुभाषी मुंबई-पुण्याहून जोडता येतो. ती स्वतः वर्गात बसलेली असली तरीही. कॉलेजात तिच्यासमोर लॅपटॉप ठेवा, दुभाषी त्यावर, सर फळ्यापाशी. म्हणजे तिला घरी बसवायची गरजच नाही.

आपोआप येणाऱ्या अक्षरांवर विसंबू नका, दोन कारणांनी. एक, तुम्हीच लिहिलंय की छापील मराठी तिला सावकाश जातं. सांकेतिक भाषेत वाढलेल्या मुलांना मराठी ही दुसरी भाषा असते आणि धावती अक्षरं म्हणजे परभाषेत धावती बातमीपट्टी. दोन, अचूकता. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब अ‍ॅप मराठी घेतं, पण अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलणं आणि पारिभाषिक शब्द यांवर ते घसरतं. 'घसारा'चा 'पसारा' होतो. पूरक म्हणून ठेवा. मोबाइल वक्त्यापासून हातभर अंतरावर हवा, मागच्या बाकावर नव्हे.

दुभाष्यासोबत काम करायची रीत: तास ४५ मिनिटांचा असेल तर एक दुभाषी कसाबसा पुरतो, त्यापुढे दोन लागतात आणि ते साधारण २० मिनिटांनी आलटून पालटून करतात. थकलेला दुभाषी गाळायला लागतो आणि ते सरांना कळत नाही. धड्याचा मजकूर आणि २०-२५ पारिभाषिक शब्दांची यादी त्याला दोन दिवस आधी. 'राजकोषीय तूट' आयत्या वेळी ऐकून तो नुसती अक्षरं बोटांनी दाखवेल. प्रश्न विचारल्यावर चार-पाच सेकंद थांबा. संकेत वाक्यामागून येतात. लगेच दुसऱ्याला विचारलं तर ती दरवेळी उशिराच.

झूममध्ये दुभाष्याला स्पॉटलाइट केलं (सगळ्यांच्या पडद्यावर मोठं ठेवलं) तरी स्लाइड शेअर झाल्यावर मोबाइलच्या पडद्यावर त्याची खिडकी टिकलीएवढी होते. उपाय: एकाच खात्याने लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींवरून जोडून घ्या, लॅपटॉपवर स्लाइड, मोबाइल आडवा टेकवून त्यावर फक्त दुभाषी. एका यंत्राचा आवाज आणि माइक दोन्ही बंद, नाहीतर बाकीच्यांना घुमतं. दुभाष्याच्या मागे साधी भिंत, अंगात त्वचेच्या रंगाशी विरोधी एकरंगी कपडे, कंबरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत चौकट. हात चौकटीबाहेर गेले की वाक्याचा कर्ता-कर्म हरवतो.

ओठ पाहून समजून घेणारे विद्यार्थीही असतात. त्यांच्यासाठी सरांच्या पाठीमागे खिडकी नको; पावसाळी पांढऱ्या उजेडात चेहरा काळा पडतो.

नेट मंद झालं की इतरांचा व्हिडिओ बंद करायला सांगा, दुभाष्याचा नाही. बाकी वर्गाला नुसता आवाज चालतो. तिला चित्र तुटलं म्हणजे वाक्यच तुटलं.

---

बारा_व्होल्ट

लाईट आणि रेंज. हे जमलं नाही तर वरचं सगळं मुसळ केरात.

आधी किती नेट लागतं ते. झूमच्या स्वतःच्या आकड्यांनुसार नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस, सामूहिक व्हिडिओला ६०० केबीपीएसच्या आसपास. म्हणजे तासाला आवाजाचे सुमारे ३६ एमबी आणि व्हिडिओचे २७० एमबी. अंध विद्यार्थिनीला व्हिडिओची गरज नाही. तिच्या घरी एका काडीची रेंज असली तरी तास ऐकता येईल. कर्णबधिर विद्यार्थिनीचं उलट. म्हणून तिघांना एकच 'ऑनलाइन योजना' लावू नका.

जांभ्याच्या दीडफुटी भिंती ओल्या झाल्या की आत रेंज मरते. पावसाने मोबाइलची लहर फारशी अडत नाही. टॉवरची लाईट जाते आणि काही तासांनी त्याच्या बॅटऱ्या उतरतात, किंवा झाड पडून फायबर तुटते. घरात करायचं ते एवढंच: रेंज असलेला फोन पडवीत किंवा माळ्याच्या खिडकीत, चार्जरला लावून, हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर. पाच गिगाहर्ट्झ वेगवान, पण चिरा ओलांडत नाही. विद्यार्थी आत बसतो, फोन बाहेर. पागोळीपासून दूर ठेवा.

कॉलेजात राउटरला मिनी यूपीएस लावा. राउटरच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते आधी वाचा, बहुधा १२ व्होल्ट १ किंवा २ अँपिअर. यूपीएसच्या खोक्यावर १०,४०० एमएएच लिहिलेलं असलं तरी ते ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे सुमारे ३८ वॉट-तास, घट वजा जाता ३२-३३. आठ वॉट खाणारा राउटर त्यावर चार तास चालतो. पण फायबरचा डबा (ज्यात फायबरची तार येते तो) वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते. त्याचे पाच वॉट मिळवा, वेळ अडीच तासांवर येते. अनेक ठिकाणी राउटर यूपीएसवर आणि फायबरचा डबा थेट भिंतीवर, मग "वायफाय आहे पण नेट नाही". वायफायची खूण दिसते म्हणून कोणी डब्याकडे बघत नाही. विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर भिंतीतून काढा आणि यूपीएसवर चालवा. फायबरमधून वीज येत नाही, अडॅप्टरमधून येते.

आणि थेट तासावर सगळं टांगू नका. प्रत्येक तासाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा: एमपीथ्री, मोनो, ६४ केबीपीएस, ४५ मिनिटांचे साधारण २२ एमबी होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि फाईलचं नाव विषय-तारीख-धडा असं. 'रेकॉर्डिंग ४७' अशी दहा नावं ऐकून कुणालाच काही सापडत नाही. लाईट आली की मुलगी उतरवून घेईल.

कॉलर माइक चार-पाचशेचा पुरतो, हनुवटीखाली वीतभर. वर्गावर पत्रा असेल तर माइकशिवाय रेकॉर्डिंगमध्ये पाऊसच ऐकू येईल.

लॅपटॉपचं: ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. विद्यार्थिनीच्या वाडीच्या ग्रामपंचायतीकडे यूडीआयडीच्या प्रतीसह अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. छोट्या ग्रामपंचायतीत तो निधी लॅपटॉपएवढा नसेल, पण हेडफोन, डेटा पॅक, मिनी यूपीएस यात बसतं.

---

कलम_बत्तीस

परीक्षेचं राहिलं होतं. लेखनिक आणि जादा वेळ याबद्दल केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत (आधी २०१८ ची होती, २०२५ मध्ये नवी आली): तासाला किमान २० मिनिटं जादा. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. स्वतःचा लेखनिक आणला तर २०१८ च्या तत्त्वांत त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं होतं; आताची अट विद्यापीठाकडून तपासून घ्या. लेखनिक संस्थेने दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटायला मिळालं पाहिजे. ही भेट बहुतेक जण सोडून देतात आणि पेपरात लेखनिकाला 'समायोजन' दोनदा सांगावं लागतं. भाषेच्या पेपराला वेगळा लेखनिक चालतो.

२०१८ च्या तत्त्वांत अंध आणि सेरेब्रल पाल्सीच्या परीक्षार्थींना, तसंच दोन्ही हात बाधित असतील त्यांना, मागितल्यावर लेखनिक मिळत असे. इतर प्रकारांत जिल्हा शल्य चिकित्सकांसारख्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं 'लिहिता येत नाही' असं प्रमाणपत्र लागायचं. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत कार्डावर पायांचाच उल्लेख असेल तर हे प्रमाणपत्र आत्ताच काढा, मार्चमध्ये रांग असते. ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलं तरी दार बंद नाही: २०२१ च्या विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आणि त्यावर ऑगस्ट २०२२ ची वेगळी तत्त्वं आली.

घरून ऑनलाइन चाचणी घेणार असाल तर देखरेखीच्या सॉफ्टवेअरची आधी तालीम घ्या. काही सॉफ्टवेअर बाकी सगळे प्रोग्राम बंद पाडतात, त्यात एनव्हीडीएही जातो. काही कॅमेऱ्याकडे न पाहणारी नजर 'संशयास्पद' धरतात. अंध विद्यार्थिनीच्या नावावर पहिल्या मिनिटालाच लाल खूण लागेल. अंतर्गत गुणांसाठी फोनवर तोंडी परीक्षा घ्या, कटकट नाही.

दुपारच्या सत्राचा पेपर जादा वेळेसह संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत जातो. शेवटच्या एसटीची वेळ पाहून सकाळचं सत्र किंवा केंद्राजवळ मुक्काम, हे परीक्षेच्या अर्जासोबतच ठरवा.

---

चिरेबंदी

आदेशाचा मसुदा करतोय, तारखा घालूनच. कॉलर माइक जुना एक आहे, पण मोबाइलला लावला की फोन स्वतःचाच माइक घेतो. माइक बिघडलाय की काय?

---

बारा_व्होल्ट

बहुतेक नाही. पिनवरचे काळे पट्टे मोजा. दोन असतील तर ती कॅमेऱ्याची पिन, मोबाइलला तीन पट्ट्यांची लागते. मधे दोनाची तीन करणारा छोटा जोड मिळतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पन्नास-शंभराला. माइक घेऊन जा आणि तिथेच फोनला लावून रेकॉर्ड करून बघा.